फासे खाली ठेवल्यावर काय वाचायचं?

चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मी एका चांगल्या वाचणाऱ्या बाईला फॅन्टसीपासून कायमचं तोडायच्या बेतात होते. मुलुंडला माझ्या घरी एक रविवार सोडून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन मिळून साहसकथा रचायच्या खेळाचा, डाव बसतो. पाच खेळाडू, मी डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारी), मधोमध पोह्यांचं पातेलं आणि हटकून सोफ्याखाली जाणारा वीस बाजूंचा फासा. आमची क्लेरिक, म्हणजे देवाच्या बळावर इतरांच्या जखमा भरणारं पात्र खेळणारी, पेशाने सीए. तेव्हा तिला खेळायला लागून जेमतेम तीन महिने झाले होते. सेशन संपल्यावर चपला घालता घालता ती म्हणाली, "अगं, असलंच काहीतरी वाचायला दे ना." मी कपाटातून स्टीव्हन एरिकसनचं 'गार्डन्स ऑफ द मून' काढून तिच्या पिशवीत कोंबलं. सहा महिन्यांनी ते परत आलं. त्रेचाळिसाव्या पानात ठाण्याचं रिटर्न तिकीट होतं. "छान आहे," ती म्हणाली. हा 'छान' कुठला, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

माझा हिशोब वरवर बरोबर होता. एरिकसन आणि त्याचा मित्र इयन एसलमाँट यांनी ते सगळं जग आधी स्वतःच्या खेळासाठी रचलं आणि मग 1999 मध्ये त्या जगातली ही पहिली कादंबरी आली. खेळातून निघालेलं पुस्तक खेळणाऱ्याला आवडणारच, असं मी धरून चालले. पण ते वाचताना दहा वर्षं चाललेल्या दुसऱ्या कुणाच्या तरी कॅम्पेनमध्ये, म्हणजे सेशनमागून सेशन चालणाऱ्या एकाच लांब गोष्टीत, मधूनच जाऊन बसल्यासारखं होतं. कोण कुणाचा, कशासाठी भांडतोय, कुणी सांगत नाही. ज्याला ते कोडं उलगडायला आवडतं त्याच्यासाठी ते सोनं आहे. तिला आवडत होतं ते वेगळंच, आणि ते मी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर मी पुस्तक सुचवायची माझी एक रीत बसवली. ती पायरीपायरीने सांगते.

पहिली पायरी: पुस्तकाबद्दल विचारूच नका

"तुला कुठली पुस्तकं आवडतात?" याचं उत्तर बहुतेक वेळा "हॅरी पॉटर" असतं आणि त्यातून काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी विचारा, "तुझं सगळ्यात भारी सेशन कुठलं?" मग चहा टाका आणि ऐका. खेळणाऱ्या माणसाला आपल्या सेशनची गोष्ट सांगायला आवडते. लग्नाचा अल्बम दाखवणाऱ्यापेक्षाही जास्त.

ऐकताना राक्षसांची नावं सोडून द्या, क्रियापदं पकडा. "आम्ही तीन तास नुसता प्लॅन केला आणि पहिल्याच मिनिटाला तो फसला" म्हणणारा एक. "त्याने माझ्या भावाला मारलं आणि मी त्याला सोडून दिलं" म्हणणारी दुसरी. "मी फायरबॉल छताला मारला, कारण नियमात कुठेच 'नाही' म्हटलेलं नाही" म्हणणारा तिसरा. तिघंही एकाच टेबलवर एकच खेळ खेळतात. पुस्तकं मात्र तिघांना तीन वेगळी लागतात.

एक आडवा प्रश्नही विचारायचा: "कंटाळा कधी येतो?" लढाईत फोन बघणाऱ्या माणसाच्या हातात चारशे पानांची युद्धकथा ठेवण्यात अर्थ नाही.

दुसरी पायरी: तो टेबलवर कशासाठी येतो ते ओळखा

खरं काम इथेच आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते.

काही जण टोळक्यासाठी येतात. त्यांना भांडणं, टोमणे, एकमेकांसाठी जीव टाकणं हवं असतं, गोष्ट निमित्तापुरती. त्यांच्यासाठी मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांची ड्रॅगनलान्सची पहिली तीन पुस्तकं आहेत. पहिलं 'ड्रॅगन्स ऑफ ऑटम ट्वायलाइट' 1984 चं. खेळाचे साहसभाग आणि या कादंबऱ्या एकाच कंपनीत बरोबरीने तयार होत होत्या. त्यातला रेस्टलिन हा आजारी जादूगार घोगऱ्या कुजबुजीत बोलतो. ती कुजबुज चाचणीच्या डावात एका खेळाडूने सहज काढलेल्या आवाजातून आली आणि कायमची चिकटली. टेबलवर असंच होतं ना? आमच्या बार्बेरियनने पहिल्या दिवशी चेष्टेत मालवणी हेल काढला, आज चार वर्षं तोच चाललाय. एक सांगून ठेवते: ड्रॅगनलान्सची भाषा साधी आहे, काही ठिकाणी पोरकटही. साहित्य म्हणून वाचायला गेलात तर चिडाल. टोळकं म्हणून वाचा.

चाळिशी ओलांडलेल्या खेळाडूंना मी निकोलस ईम्सचं 'किंग्ज ऑफ द वाइल्ड' देते. 2017 चं पुस्तक. भाडोत्री योद्ध्यांच्या टोळ्या म्हणजे जणू गाजलेले रॉक बँड, आणि त्यातली एक जुनी टोळी पोटं सुटल्यावर, गुडघे दुखायला लागल्यावर पुन्हा एकत्र येते. कारण एकाची मुलगी दूरच्या वेढा पडलेल्या शहरात अडकली आहे. कॉलेजच्या ग्रुपला पुन्हा जमवायला चार महिने व्हॉट्सअ‍ॅपवर तारखा फिरवल्या असतील, तर हे पुस्तक लागेल.

काही जण नियमांसाठी येतात. त्यांचं रूलबुक झिजलेलं असतं. या माणसाला जॅक व्हान्सचं 1950 चं 'द डाइंग अर्थ' द्या आणि बाजूला बसून त्याचा चेहरा बघा. खेळाच्या जुन्या आवृत्त्यांत विझर्ड, म्हणजे जादूगार, मंत्र रोज पाठ का करायचा आणि म्हटल्यावर तो विसरायचा का, हे नव्या खेळाडूला कधीच पटत नाही. ते थेट इथून आलंय. व्हान्सच्या जगात मंत्र इतके जड असतात की मॅझिरियनसारख्या कसलेल्या जादूगाराच्या डोक्यातही एका वेळी जबर मंत्र चार मावतात, हलके असतील तर सहा. म्हटला की डोक्यातून गेला. खेळातल्या 'वेक्ना' या कुप्रसिद्ध खलनायकाचं नावही 'व्हान्स'ची इंग्रजी अक्षरं मागेपुढे करूनच केलंय. पुस्तक बारीक आहे, गोष्टी सुट्या आहेत, इंग्रजी मात्र अलंकारिक आणि अवघड.

तेवढं झेपणार नसेल तर ब्रँडन सँडरसनचं 'मिस्टबॉर्न: द फायनल एम्पायर', 2006 चं. इथे जादू म्हणजे धातू गिळून पोटात जाळायचे. कुठल्या धातूने काय होतं ते ठरलेलं. एकाने धातू ढकलता येतो, दुसऱ्याने ओढता. नाणं जमिनीवर टाकून त्यालाच ढकललं की माणूस हवेत. नियमवाला खेळाडू पन्नासाव्या पानापर्यंत स्वतःच्या युक्त्या शोधायला लागतो. आमच्या विझर्डने तर वहीत तक्ता काढला होता.

काही जण डाव शिजवायला येतात. यात रोग (rogue), म्हणजे चोर-ठग पात्रं, आलेच, पण बार्ड, म्हणजे गाण्याने आणि गोड बोलण्याने काम साधणारे, जास्त. यांना स्कॉट लिंचचं 'द लाइज ऑफ लॉक लॅमोरा' द्या, तेही 2006 चं. कालव्यांचं शहर, ठगांची टोळी, सरदारांना टोप्या घालायचे एकात एक गुंतलेले बेत. शिव्या भरपूर आहेत, त्यामुळे चौदा वर्षांच्या भाच्याला देण्याआधी विचार करा. याच घराण्यातले पूर्वज म्हणजे फ्रिट्झ लायबरचे फाफर्ड आणि ग्रे माउझर: एक धिप्पाड, एक चपळ, दोघेही कायम कडके. खेळाच्या जनकांपैकी एक गॅरी गायगॅक्स यांनी 1979 च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये आपल्यावर प्रभाव पाडणाऱ्या लेखनाची यादी दिली होती, अपेंडिक्स एन म्हणून ती प्रसिद्ध आहे. सर्वात थेट प्रभाव कुणाचा हे सांगताना त्यांनी लायबर, व्हान्स, कोननचा कर्ता रॉबर्ट हॉवर्ड अशी नावं घेतली. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे टोल्कीन यादीत आहेत, पण त्या खास नावांत नाहीत. खेळातल्या एल्फ आणि हाफलिंग या जमाती बघून सगळेच टोल्कीनकडे धावतात. पण पैशासाठी अंधाऱ्या भुयारात शिरणारी टोळी ही मुळात लायबर-हॉवर्डची.

काही जण जगासाठी येतात. नकाशा उलगडला की यांचे डोळे चमकतात आणि हे तुम्हाला विचारतात, "या गावात मीठ कुठून येतं?" एरिकसन यांच्यासाठीच आहे. दहा खंड. पण शंभर पानांपर्यंत काही कळणार नाही हे आधी सांगून द्या. मी तेवढंच सांगायला चुकले होते.

नैतिक पेचात अडकायला आवडणाऱ्यांना जो अ‍ॅबरक्रॉम्बीचं 'द ब्लेड इटसेल्फ'. पॅलडिन, म्हणजे खेळातला व्रतस्थ धर्मयोद्धा, का असा वागतो हे समजून घ्यायचं असेल तर पोल अँडरसनचं 'थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स', कारण पॅलडिन आणि जखमा आपोआप भरून येणारा ट्रोल हे दोघे त्यातूनच खेळात आले. लढाईचा वीट आलेल्यांना ट्रॅव्हिस बाल्ड्रीचं 'लेजंड्स अँड लाटेज': ऑर्क या राक्षसी जमातीतली एक बाई तलवार टांगून ठेवते आणि कॉफीचं दुकान काढते. बस, एवढंच. दुकान चालतं का, याची काळजी वाटत राहते.

आपल्याकडचं डंजन

इथे थोडी वाट वाकडी करते. नव्वद टक्के यादी इंग्रजी का असते असं भाचीने मला विचारलं, तेव्हा मी गप्प बसले आणि मग रात्री देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' पुन्हा काढली.

1888 ची हिंदी कादंबरी. टीव्हीवरच्या मालिकेमुळे तिचं नाव घराघरात गेलं, पुस्तक मात्र फार थोड्यांनी उघडलं. उघडा. त्यातले ऐयार म्हणजे पक्के रोग: वेषांतर, हेरगिरी, बेशुद्ध करायची पूड आणि शुद्धीवर आणायचा लखलखा, भिंत चढायची कमंद, सगळं एका बटव्यात. इक्विपमेंट लिस्ट वाचल्यासारखं वाटतं. आणि तिलिस्म म्हणजे डंजनच, खेळातलं सापळ्यांचं भुयार: यंत्रं, चोरदरवाजे, सापळे, आत अडकलेले लोक, आणि ते फोडायचं कसं याची उत्तरं एका पुस्तकात दडवलेली. कोण फोडणार हेही आधीच ठरलेलं. हिंदी असली तरी लिपी आपलीच, वाक्यं सोपी. चार पानांत सराव होतो. लेखक 1913 मध्ये वारले, त्यामुळे पुस्तक स्वामित्वहक्कातून केव्हाच बाहेर आलंय आणि नेटवर फुकट मिळतं.

त्याहून प्रचंड हवं असेल तर 'तिलिस्म-ए-होशरुबा'. ही उर्दू दास्तान लखनौच्या नवल किशोर छापखान्याने 1883 पासून खंडाखंडाने छापली. अमर ऐयारची झंबील नावाची झोळी त्यात आहे. तिच्यात मावणार नाही असं जगात काही नाही. आमच्या रोगने हे ऐकलं आणि लगेच म्हणाला, "ही तर बॅग ऑफ होल्डिंग!" (खेळातली बाहेरून लहान, आत प्रचंड अशी जादूची पिशवी.) मुशर्रफ अली फारुकी यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतराचा पहिला खंड 2009 मध्ये आला, उर्दू येत नसेल तर तो रस्ता.

मराठीतही ही परंपरा होती. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' 1861 ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' 1868 ची. खरं सांगायचं तर या मी खेळाडूला देत नाही. भाषा जुनी, संवाद लांबलचक. पण तुम्ही डीएम असाल तर चाळा, चोरायला भरपूर आहे. आणि कॅम्पेन भुताखेतांचं असेल तर नारायण धारपांच्या 'समर्थ' या अघोरी शक्तींशी झुंजणाऱ्या नायकाच्या कथा. ज्याला क्लेरिक म्हणजे नुसती मलमपट्टी वाटते त्याने त्या वाचाव्यात.

तिसरी पायरी: जाडी बघा, खंड मोजा

ही मुंबईची अट आहे. आमचे बहुतेक खेळाडू लोकलमध्ये वाचतात. एका हातात वरची कडी, दुसऱ्यात पुस्तक. आठशे पानांचं पेपरबॅक घाटकोपरपर्यंत मनगट मोडतं. पहिलं पुस्तक तीनशे पानांच्या आतबाहेर असावं आणि त्याची प्रकरणं दोन-तीन स्टेशनांत संपावीत. उर्सुला ले ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' यात चपखल बसतं. 1968 चं, दोनशे पानांच्या आसपास, आणि एका पोराने दिमाख दाखवायला केलेली चूक त्याच्याच मागे सावली होऊन लागते, एवढीच गोष्ट. अंगावर काटा येतो. जाड हवंच असेल तर किंडल किंवा फोन.

मालिका असेल तर पूर्ण झाली आहे का ते आधी बघा. रॉबर्ट जॉर्डनच्या 'व्हील ऑफ टाइम'चे चौदा खंड आहेत, पण ती 2013 मध्ये संपली. जॉर्डन गेल्यावर शेवटचे तीन सँडरसनने पुरे केले. उलट पॅट्रिक रॉथफसच्या मालिकेचं दुसरं पुस्तक 2011 मध्ये आलं आणि वाचक तिसऱ्याची वाट बघतायत. 'गेम ऑफ थ्रोन्स'ची मूळ मालिकाही त्याच वर्षीच्या पाचव्या खंडावर थांबलीय. अर्धवट सुटलेल्या कॅम्पेनचं दुःख खेळणाऱ्याला ठाऊक असतं. जाणूनबुजून त्यात ढकलू नका, निदान सांगून ढकला.

चौथी पायरी: भाषेचा संकोच काढा

बरेच जण इंग्रजीत खेळतात, मराठीत भांडतात, आणि इंग्रजी कादंबरी मात्र वर्षाला अर्धी वाचतात. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. 'हॉबिट' मराठीत आलं आहे. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मुग्धा कर्णिक यांनी 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने मराठीत आणलं. माझं मत: नव्या खेळाडूला आधी 'हॉबिट'च द्यावं. तेरा बुटके, एक जादूगार आणि घरफोड्या म्हणून रीतसर करार करून घेतलेला एक घरकोंबडा. याहून चांगलं पहिलं सेशन कुणी लिहिलेलं नाही. मोठा ग्रंथ मागाहून. तो लगेच दिला की माणूस सुरुवातीच्या हॉबिटांच्या वंशावळीतच गारद होतो.

पाचवी पायरी: विकत घेण्याआधी

नवं पुस्तक लगेच घेऊ नका. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर किंवा फोर्टात हुतात्मा चौकाजवळच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे एक चक्कर मारा. फॅन्टसी तिथे येत राहते, कारण लोक ती हौसेने घेतात आणि त्रेचाळिसाव्या पानावर सोडतात. तिथे दोन गोष्टी बघायच्या. एक, खंड पहिलाच आहे ना. मुखपृष्ठावर बारीक अक्षरात तिसरा लिहिलेला असतो आणि विकणारा "सेपरेट स्टोरी है मॅडम" म्हणतो. दोन, नकाशाचं पान. ते फाडून नेणारे महाभाग असतात. मी एकदा दीडशे रुपयांना घेतलेल्या पुस्तकातून नकाशाच गायब होता आणि अख्खी कादंबरी मी उत्तर दक्षिण न कळता वाचली. मराठी भाषांतरांसाठी आधी वाचनालयात विचारा. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 पासून आहे आणि दादरला उतरणं कुणाला चुकलंय?

सहावी पायरी: देताना काय बोलायचं

एक वाक्य, तेही त्याच्या सेशनशी जोडलेलं. "तू तीन तास प्लॅन केलास ना, ही माणसं तीनशे पानं करतात." बस. लेखकाचं चरित्र, पुरस्कार, "दुसऱ्या भागात काय होतं माहितीये का" हे काहीही नको. "पन्नास पानांत नाही जमलं तर परत दे, मी विचारणार नाही," हेही सांगा आणि खरंच विचारू नका. पुढच्या सेशनला फक्त एवढं म्हणा: "त्यातला कुठला प्रसंग आपण खेळायचा?" उत्तर आलं तर पुस्तक लागलं. नाही आलं तर पहिल्या पायरीवर परत.

त्या सीएचं काय झालं? मी दोन वर्षांनी शहाणी होऊन तिला तिचं आवडतं सेशन विचारलं. तिने सांगितला तो प्रसंग असा: सगळे मरायला टेकलेले, वीसच आला तर वाचणार, आणि टेबलवरचे पाचही जण प्रत्येक प्लसची, म्हणजे फाशाच्या आकड्यात मिळवायच्या गुणाची, बेरीज पुन्हा पुन्हा करतायत. तिला तो फासा पडायच्या आधीचा हिशोब आवडत होता. मी तिला टेरी प्रॅचेटचं 'गार्ड्स! गार्ड्स!' दिलं, 1989 चं. त्यात शहरावर ड्रॅगन आलेला असतो आणि पहारेकऱ्यांचा असा ठाम विश्वास असतो की दहा लाखांत एक शक्यता असली की ती गोष्ट हमखास घडते. अडचण अशी, की नेमबाज हवालदार बरा असल्यामुळे शक्यता तेवढी कमी भरत नाही. मग ते त्याला एका पायावर उभं करतात, आणखी काय काय करायला लावतात, म्हणजे आकडा बरोब्बर दहा लाखांत एक होईल.

पुस्तक नऊ दिवसांत परत आलं. त्याच्या पुढच्या रविवारी आमच्या टोळीसमोर एक लाल ड्रॅगन होता आणि पाळी क्लेरिकची. ती खुर्चीवरून उठली, एका पायावर उभी राहिली, एक डोळा मिटला आणि मला म्हणाली, "आता किती झालं?" मी म्हटलं, "डिसअ‍ॅडव्हान्टेजने टाक, दोन वेळा, कमी येईल तो धरायचा." पहिला एकोणीस आला. दुसरा सोफ्याखाली गेला.